यात्रेंतील मुक्काम

उघड्या आकाशाखालीं मुक्काम करून उत्सव करण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. नाशिकहून सप्तशृंगी गडाकडे जाणारा रस्ता आमच्या दिंडोरीवरून व वणीवरून जातो. नांदुरीपाशीं चढ लागतो. रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत गडावर यात्रा भरते. खानदेशांतून माणसें कित्येक दिवस पायीं चालत येतात आणि शेतांत, झाडाखालीं, मिळेल त्या जागीं पथारी टाकतात. हा मुक्काम सुखाचा व्हावा कीं त्रासाचा, हें त्या जागेकडे आपण कोणत्या दृष्टीनें पाहतों, यावर पुष्कळ अवलंबून असतें.

कोणी म्हणेल, देवीच्या डोंगरावर श्रद्धा असली म्हणजे झालें. परंतु श्रद्धाळू मनुष्यच उष्टें ताट उतारावर भिरकावतो, तें कां? माझ्या मतें हा श्रद्धेचा अभाव नव्हे, ती जुनी सवय आहे. पूर्वीं शिदोरी फडक्यांत असे व पत्रावळ पळसाच्या पानांची. ती टाकली तर गुरें खात, नाहीं तर पावसाळ्यांत तिची माती होई. त्या टाकण्यांत दोष नव्हता. आतां वस्तु बदलली, हात मात्र तोच राहिला. २०१८ सालीं महाराष्ट्र शासनानें प्लॅस्टिकच्या पिशव्या व थर्मोकोलचीं ताटें यांवर बंदी घातली. कायदा वस्तूला आळा घालूं शकतो. सवय ज्याची त्यानेंच मोडावी लागते.

चैत्रांत पावसाला दोन महिने अवकाश असतो. कातळाच्या डोंगरावर साठलेलें पाणी तेवढेंच. त्यांत खरकटें वा साबण मिसळला तर तो वाहून नेण्यास प्रवाह नसतो. उद्यां येणाऱ्या यात्रेकरूला तेंच पाणी. पुढें पहिला पाऊस उतारावरील सारें खालीं नेतो. ‘जलविभाजक’ हा शब्द आम्ही मुलांस भूगोलांत शिकवीत असूं. सातमाळा रांगेवर त्याचा अर्थ प्रत्यक्ष दिसतो. तिच्या उत्तर उतारावरचें पाणी गिरणेला मिळून खानदेशांत जातें, दक्षिण उतारावरचें कादवेच्या वाटेनें गोदावरीस. आपण डोंगरावर टाकलेलें आपल्याच गांवाकडे निघतें.

जो डोंगराला एका रात्रीची धर्मशाळा समजतो, त्याची रात्र माशा व दुर्गंधि यांत जाते आणि तो गर्दीस दोष देतो. जो त्या जागेस उद्यांच्या पाहुण्याचें अंथरूण मानतो, तो ताट-तांब्या घरून आणतो, नेमलेल्या जागींच शौचास जातो, कचरा बांधून खालीं नेतो. त्याला ओझें थोडें अधिक होतें, परंतु झोप शांत लागते. मात्र हें सुख एकट्याचें नसतें: दहा पथाऱ्यांपैकीं एकीनें नियम मोडला कीं नऊ जणांची झोप मोडते. म्हणून प्रत्येक जथ्यानें निघण्यापूर्वींच एकास हें काम नेमून द्यावें आणि खणानारळाबरोबर एक रिकामी गोणी घ्यावी. परततांना ती भरलेली असावी.