पाण्याचे वजन आणि भंडाऱ्याचे धान

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे १८२३ च्या जानेवारीत विल्यम लॅम्बटन या वृद्ध इंग्रज मोजणी-अधिकाऱ्याचे देहावसान झाले. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्याने आरंभिलेली त्रिकोणमितीय मोजणी पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. तेथे एक विचित्र अडचण उभी राहिली. उत्तरेतील कलियाना आणि मध्य भारतातील कल्याणपूर या दोन ठाण्यांमधील अंतर ताऱ्यांच्या वेधाने एक येई आणि जमिनीवरील मोजणीने दुसरे. फरक सुमारे पाच विकलांचा, म्हणजे नाममात्र होता. पण तो कशाने पडला याचा शोध घेताना प्रॅट या गणितज्ञ धर्मोपदेशकाने दाखवून दिले की, हिमालयाचे प्रचंड वस्तुमान गवंड्याच्या ओळंब्याला आपल्याकडे ओढीत आहे. गंमत अशी की, त्याच्या गणिताप्रमाणे ओळंबा प्रत्यक्षाच्या तिप्पट कलावयास हवा होता! तो तेवढा का कलत नाही, याचे उत्तर एअरीने १८५५ मध्ये दिले. पर्वतांची हलक्या खडकांची मुळे खोल भूगर्भात उतरलेली असतात, असे त्याचे प्रतिपादन होते. भूगर्भाच्या आधुनिक विचाराचा एक मोठा धागा असा आपल्या देशातील मोजणीच्या चुकीतून निघाला.

आज हाच ओळंबा आकाशात गेला आहे. अमेरिका आणि जर्मनी यांनी मिळून मार्च २००२ मध्ये ‘ग्रेस’ नावाचे दोन जुळे उपग्रह सोडले. सुमारे पाचशे किलोमीटर उंचीवर, एकमेकांत साधारण २२० किलोमीटर अंतर राखून ते एकामागून एक फिरत. खाली वस्तुमान अधिक असलेला प्रदेश आला की पुढचा उपग्रह आधी ओढला जाई आणि अंतर किंचित वाढे. मग मागचाही ओढला जाई आणि अंतर घटे. ही घटवाढ केसाच्या जाडीच्या लहानशा अंशापर्यंत मोजली जात असे. त्यांचे कार्य २०१७ मध्ये संपले आणि मे २०१८ मध्ये त्यांचे वारसदार सोडण्यात आले. डोंगर काही महिन्यामहिन्याला हलत नाहीत. हलते ते मुख्यतः पाणी. म्हणून लागोपाठच्या दोन महिन्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या की कोठे पाणी जमा झाले आणि कोठे खर्ची पडले, याची खतावणीच हाती येते.

समुद्रशास्त्राला याचा झालेला लाभ थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. समुद्राची पातळी सर्वत्र सारखी असते, ही आपली शालेय समजूत खरी नव्हे. श्रीलंकेच्या दक्षिणेस हिंदी महासागराचा पृष्ठभाग गणिताने कल्पिलेल्या गुळगुळीत पृथ्वीगोलापेक्षा सुमारे १०६ मीटर खाली आहे, कारण तेथे गुरुत्वाकर्षण क्षीण आहे. हा स्थायी खोलगटपणा नेमका ठाऊक असल्याखेरीज पाण्याची उंची मोजून सागरी प्रवाहांचा अदमास बांधता येत नाही. युरोपीय राष्ट्रांच्या ‘गोसे’ या उपग्रहाने २००९ ते २०१३ या काळात हे काम पुष्कळ अंशी केले.

दुसरा प्रश्न पातळीवाढीचा. समुद्र दोन कारणांनी चढतो. पाणी तापून फुगते, आणि बर्फ वितळून नवे पाणी येते. नुसती उंची मोजून हे दोन हिस्से वेगळे करता येत नाहीत. परंतु फुगलेल्या पाण्याचे वजन वाढत नाही, आलेल्या पाण्याचे वाढते. उंचीशेजारी वजन मांडले की हिशेबाचा ताळा जुळतो. २०१० ते २०११ या काळात तर जगाचा समुद्र चढण्याऐवजी पाच ते सात मिलिमीटर उतरला. तापमानवाढीची शंका घेणाऱ्यांना उकळ्या फुटण्यापूर्वीच वजनाच्या नोंदींनी उत्तर दिले होते. ते पाणी अतिवृष्टीच्या रूपाने जमिनीवर, विशेषतः ऑस्ट्रेलियाच्या समुद्राकडे वाट नसलेल्या अंतर्भागात, जाऊन बसले होते. जमीन आणि समुद्र यांची खाती एकाच वहीत आहेत, हे यातून दिसते. आपल्या वैनगंगेचे पाणीही प्राणहिता-गोदावरीच्या वाटेने त्याच वहीत जमा होते.

आता घराकडे वळू. २००९ मध्ये रॉडेल, वेलिकोग्ना आणि फॅमिग्लिएटी या शास्त्रज्ञांनी या नोंदींच्या आधारे राजस्थान, पंजाब व हरियाणा यांचा हिशेब प्रसिद्ध केला. ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या सहा वर्षांत तेथील भूजल १०९ घन किलोमीटरांनी घटले होते आणि या काळात पावसाने विशेष दगा दिलेला नव्हता. आपल्या गोसीखुर्द धरणाचा संपूर्ण साठा सुमारे १.१५ घन किलोमीटर धरला, तर ही तूट जवळजवळ पंचाण्णव गोसीखुर्दांएवढी भरते. हे पाणी प्रामुख्याने सिंचनात गेले आणि त्यात धानाचा वाटा मोठा होता. हमीभावाने खरेदी होणारे पीक, पंपाला नाममात्र दराची वा फुकट वीज आणि जमिनीखालच्या पाण्याला शून्य किंमत, अशी सांगड जमली की शेतकऱ्याने उपसा आवरावा तरी का? दोष त्याच्या लोभाचा नसून, फुकट दिसणाऱ्या किमतीचा आहे.

धान म्हटले की भंडाऱ्याच्या वाचकाने सावध व्हावे. हमीभाव आपल्याकडे आहे, कृषिपंप आहे आणि उन्हाळी धानही आहे. मात्र दोन ठिकाणी आपली गोष्ट पंजाबहून निराळी आहे. पंजाबच्या खाली गाळाचे खोल थर आहेत. आपल्या जिल्ह्यात वैनगंगेकाठचा गाळाचा पट्टा सोडला तर बहुतांशी कठीण, जुना खडक. त्यात पाणी थोडे मावते. उन्हाळ्यात ते झपाट्याने संपते आणि पावसात बरेचसे परत भरते. आणि दुसरे, आपला जिल्हा लहान आहे. या उपग्रहांची नजर सुमारे दीड लाख चौरस किलोमीटरांहून लहान प्रदेशावर नीट ठरत नाही. भंडारा जेमतेम ३,७०० चौरस किलोमीटरांचा, म्हणजे असे चाळीस जिल्हे एकत्र केले तेव्हा कोठे तो एक ठिपका भरणार. सबंध विदर्भदेखील त्याला पुरत नाही. गोसीखुर्दचा भरलेला जलाशय तेवढ्या क्षेत्रावर पसरला तर थर आठ मिलिमीटरांचाही होत नाही, आणि मोजणीतील चूकच एक-दोन सेंटिमीटरांची धरावी लागते. म्हणजे पंजाबचे दिवाळे आकाशातून दिसले ते त्याच्या अवाढव्यपणामुळे. भंडाऱ्यातील एखाद्या तालुक्याच्या विहिरी तळाला गेल्या, तर आकाशातील तराजूचा काटा हलणारही नाही.

तेव्हा आपले वजन आपणच केले पाहिजे. त्याची परंपरा आपल्याकडे नाही, असे नव्हे. कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी बांधलेले या जिल्ह्यातील तलाव एकाचा सांडवा दुसऱ्याच्या पोटात जाईल अशा बेताने रचलेले होते. किती पाण्यावर किती बांध्या भिजतील, याचा हिशेब त्या गावांना तोंडपाठ असे. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली आणि ती जाणे न्याय्यच होते. तथापि तलाव सरकारजमा होताना गावाचा हा हिशेबही वहीबाहेर पडला, याची खंत तेव्हा फारशी कोणी केली नाही. तलाव गाळाने भरत गेले आणि पंप आले.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून राज्यात निरीक्षण विहिरींची पातळी ठराविक महिन्यांत मोजीत आली आहे. उपग्रहाच्या आकड्यांतून जमिनीतील ओलावा आणि तलाव-नद्यांचे पाणी वजा करून भूजल काढावे लागते. ही वजाबाकी बरोबर आली की नाही, हे पडताळावयाचे ते अशाच विहिरींवर. म्हणून विहिरींच्या नोंदी हा उपग्रहाला पर्याय नसून त्याचा पुरावा आहे. उपग्रहाचे आकडे जगाला विनामूल्य मिळतात. विहिरींचे आकडे त्यांच्याच शेजारी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत, अशी मागणी करण्यात गैर काय?

यात आपल्या महाविद्यालयांना पुष्कळ करता येईल. एका विद्यार्थ्याने आपल्या गावची एक विहीर पत्करावी आणि खुणा केलेला दोर घेऊन वर्षातून दोनदा तिचे पाणी मोजावे. पाचदहा वर्षांच्या अशा नोंदी जमल्या म्हणजे उन्हाळी धानाचे क्षेत्र आणि मे महिन्यातील पाणी यांचा संबंध अर्थशास्त्राच्या वर्गातही मांडता येईल. पहिली मोजणी मे महिन्यात, उन्हाळी धान कापणीला आले असताना करावी, कारण त्या वेळी पाणी सर्वांत खोल गेलेले असते. आणि दुसरी ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर.