रुळावरचं नाणं

लहानपणी कुर्डुवाडीला आमचं घर रेल्वेरुळांजवळ होतं. दोन पैशांचं नाणं रुळावर ठेवायचं आणि गाडी गेली की पळत जाऊन शोधायचं, हा आम्हा पोरांचा उद्योग. एकदा पानासारखं चपटं झालेलं ते नाणं वडिलांच्या हाती लागलं आणि पैशाची किंमत माझ्या पाठीला कळली. पुढे पस्तीस वर्षं बँकेत काढली. किंमत म्हणजे आकडा, हे अंगात मुरलं.

गेल्या पावसाळ्यात मुलगी काहीतरी ऐकत होती. गिटार, व्हायोलिन, चेलो, ढोल; सगळं संथ चढत जाणारं. दहा मिनिटं झाली तरी कोणी गाईना. मी विचारलं, "अगं, गायक कधी येणार?"

"येणारच नाही, बाबा. तू ऐक नुसतं."

हा कॅनडातल्या माँट्रियलचा वाद्यवृंद, 'गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर'. जपानी मोटारसायकलस्वारांच्या टोळीवरच्या 1976 च्या माहितीपटाचं नाव त्यांनी घेतलं. 1994 साली त्यांनी पहिली कॅसेट काढली, प्रती फक्त 33! 1997 मध्ये तबकडी आली. पहिली आवृत्ती अवघी 500 ची. वेष्टनं हातांनी सजवलेली, आणि प्रत्येकात रेल्वेगाडीखाली चपटं केलेलं एकेक पेनीचं नाणं! तबकडीच्या अखेरीची खाच बंद वर्तुळाची, त्यामुळे आपण सुई उचलेपर्यंत सूर संपतच नाहीत.

त्या काळी माँट्रियलच्या जुन्या कारखान्यांच्या वस्तीत जागा स्वस्त मिळत. भाड्यासाठी लोकप्रिय व्हायची घाई नव्हती. त्यांनी मुलाखती क्वचितच दिल्या. मैफलीत ते मंद उजेडात वाजवतात, मागे 16 मिलिमीटर फिल्मचे तुकडे फिरत असतात. शब्द न गाणाऱ्या या मंडळींच्या पडद्यावर सुरुवातीला एकच खरवडलेला शब्द थरथरतो: आशा. श्रोते तोंडोतोंडीच वाढले. 2003 नंतर काही वर्षं वृंद थांबला, 2010 मध्ये परतला, तेव्हाही ऐकणारे वाट पाहत होते. 2013 साली 30,000 डॉलरचं पोलारिस पारितोषिक मिळालं, तर त्यांनी त्या झगमगत्या सोहळ्यावरच टीका केली आणि क्वेबेकच्या तुरुंगांतल्या बंदिवानांना वाद्यं मिळावीत यासाठी ही रक्कम वापरू, असं जाहीर केलं.

33 हा आकडा माझ्या डोक्यातून जाईना. त्याच 1994 साली माझ्या पहिल्या कादंबरीचा हिशेब आला होता. छापल्या 500, खपल्या 183. उरलेले गठ्ठे मी घरी आणून खाटेखाली सारले आणि सहा वर्षं एक ओळ लिहिली नाही. 183 माणसांनी पदरचे पैसे मोडून आपल्याला वाचलं, हे माझ्यातल्या अधिकाऱ्याला दिसलंच नाही. त्याला दिसली फक्त तूट.

त्या वर्षी बार्शीहून एका वाचकाचं पोस्टकार्डही आलं होतं. 'माझी प्रत मित्राने नेली ती परत दिली नाही, दुसरी कुठे मिळेल?' लाजेपोटी मी उत्तर दिलं नाही. वाचक मित्राला पुस्तक देतो आणि मित्र ते ठेवून घेतो, याहून मोठी पावती कोणती?

परवा गठ्ठ्याची सुतळी सोडली. पानं पिवळी पडली आहेत, पण एकही सुटलेलं नाही. पोस्टकार्डावरचा पत्ता तीस वर्षांपूर्वीचा. तरी एक प्रत पाठवली आहे.