विशेष बालकांसाठी संगीतज्ञांचे प्रशिक्षण

दृष्टी, श्रवण, वाचा, बुद्धी, हालचाल किंवा सामाजिक संपर्क यांबाबत विशेष गरजा असलेल्या बालकांबरोबर संगीताच्या माध्यमातून काम करण्यासाठी गायक-वादकांना दिले जाणारे शिक्षण. याचे दोन प्रकार मानतात. पहिल्यात बालकाला संगीत यावे हे उद्दिष्ट असते. दुसऱ्यात, म्हणजे संगीतोपचारात, संगीत हे साधन असून वाचा, हालचाल वा परस्परसंपर्क यांत सुधारणा हे साध्य असते. प्रत्यक्ष वर्गात ही सीमा पुसट होते. तथापि आपण यांपैकी काय करीत आहोत, याचे भान संगीतज्ञाला असावे लागते. अमुक विकारावर अमुक राग अशी कोष्टके देणाऱ्या पुस्तिकांना या प्रशिक्षणात स्थान नाही.

महाराष्ट्रात गायकाला शिक्षक म्हणून घडविण्याची परंपरा जुनी आहे. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांची दृष्टी बालपणी फटाक्याच्या अपघातात अधू झाली आणि त्यामुळेच ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे संगीताकडे वळले. त्यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले व तेथील उपदेशक वर्गातून संगीतशिक्षक तयार केले. एकेका शिष्याच्या तालमीऐवजी समूहाला क्रमाने शिकविण्याची रीत त्यातून रूढ झाली. याच सुमारास मुंबईत अंधशिक्षणास प्रारंभ झाला होता. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये अंधांसाठी शाळा काढली. १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. अंध विद्यार्थ्यांना मौखिक तालीम सहज मानवते. खुद्द लुई ब्रेल (१८०९–५२) हे ऑर्गनवादक होते आणि १८२९ च्या त्यांच्या पुस्तिकेत संगीतलेखनाचाही समावेश होता. परंतु अंध विद्यार्थी संगीतात पुढे गेल्याने एक गैरसमजही दृढ झाला : गोड गळा असेल त्याच विशेष बालकासाठी संगीत, इतरांनी ऐकावे.

हा समज मोडण्याचे श्रेय मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाश्चात्त्य प्रयोगांना द्यावे लागते. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात १९४४ मध्ये संगीतोपचाराचा अभ्यासक्रम सुरू झाला. इंग्लंडमध्ये चेलोवादक ज्यूलिएट ॲल्व्हिन यांनी १९६८ मध्ये लंडनच्या गिल्डहॉल संगीतशाळेत असाच वर्ग काढला. अमेरिकन संगीतरचनाकार पॉल नॉर्डॉफ व इंग्रज विशेष शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांनी १९५९ पासून एकत्र काम करून एक महत्त्वाची पद्धती घडविली. तीत बालकाने काढलेला कोणताही ध्वनी, मग ते रडणे असो वा मेजावरची थाप, संगीत म्हणून स्वीकारला जातो व वादक त्याला तत्क्षणी साथ करतो.

यातच प्रशिक्षणाचे मर्म आहे. मैफलीच्या वादकाला लय न सोडण्याची सवय असते. येथे त्याला थांबावयास शिकावे लागते. तबलजीने दादऱ्याचे आवर्तन वाजवीत आणून सम मोकळी सोडावी आणि ती थाप मुलाने द्यावी, हा एक साधा पाठ होय. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचा हात डग्ग्यापर्यंत पोहोचण्यास कित्येक मात्रा लागतात. ही पोकळी स्वतःच्या बोटांनी भरून काढण्याचा मोह अनुभवी वादकाला नवशिक्यापेक्षा अधिक होतो. डग्गा मुलाच्या उंचीला आणणे, टिपरीची मूठ कापडाने जाड करणे, ही कामेही वादकानेच शिकावयाची असतात.

बालकागणिक पथ्ये बदलतात. स्वमग्न मुलाला झांजेचा कर्कश नाद असह्य होऊ शकतो. त्याच्यासाठी रोज त्याच गीताने आरंभ व त्याच गीताने शेवट केल्यास आधार वाटतो. कर्णबधिर मुलाला ढोलकीचे कंपन तळहाताला व लाकडी जमिनीवरून पायाला जाणवते. कर्णावर्त रोपण झालेल्या मुलाला सुरांच्या उंचीपेक्षा ताल सामान्यतः अधिक स्पष्ट उमगतो. बौद्धिक अक्षमतेत छोटी, पुनरावृत्त होणारी ओळ उपयोगी पडते. स्पर्शापूर्वी बालकाची संमती व एकांतात न शिकविणे हे नियमही अभ्यासक्रमाचा भाग असतात. स्नेहसंमेलनात टाळ्या मिळविण्यासाठी घोकून बसविलेले गाणे मात्र यात मोडत नाही. त्यात बालकापेक्षा प्रेक्षकांचा विचार अधिक असतो.

भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम (१९९२) अन्वये विशेष शिक्षकांची नोंदणी होते. मात्र परिषदेच्या व्यावसायिक प्रवर्गांत संगीतशिक्षकाचा स्वतंत्र प्रवर्ग नाही. दुसरीकडे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या (स्थापना १९३१) पदव्या संगीतातील प्रावीण्याच्या आहेत. दोन्ही बाजूंचे ज्ञान एका व्यक्तीत क्वचितच एकत्र येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने (२०१६) २१ प्रकारच्या दिव्यांगता मान्य केल्या व समावेशित शिक्षणावर भर दिल्यामुळे अशी अनेक मुले आता गावच्याच शाळेत असतात. तेथे तरबेज उपचारक मिळणे अवघड. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील राहुरीसारख्या तालुक्यात संगीतज्ञ म्हणजे बहुधा भजनी मंडळातील पेटीवादक, पखवाजी किंवा शाळेचेच गुरुजी. गटसाधन केंद्राच्या विशेष शिक्षकाबरोबर यांना नियमित बसविणे, हा व्यवहार्य मार्ग दिसतो : मुलाची वैद्यकीय व शैक्षणिक माहिती एकाने द्यावी, साथ दुसऱ्याने करावी आणि तासानंतर मुलाने कोणत्या मात्रेवर हात उचलला, याची दोघांनी मिळून वहीत नोंद ठेवावी.