बोईसरहून क्रूझला, एक दिवस आधी

मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझचं तिकीट आता पगारदार कुटुंबाच्याही आवाक्यात आलं आहे. बिनखिडकीची आतली केबिन सर्वात स्वस्त. झोपण्यापुरती ती पुरते. जाहिरातीतला दर बहुधा माणशी आणि दोघांत एक केबिन धरून असतो. त्यावर बंदरशुल्क, जीएसटी वगैरे चढतं. मुख्य जेवण तिकिटात येतं, पण दारू, वायफाय आणि किनाऱ्यावरच्या सहलीचे पैसे वेगळे.

जहाज सुटतं बॅलार्ड पिअरवरून, आणि चेक-इन सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं. डहाणू लोकलच्या भरवशावर त्याच दिवशी निघणं म्हणजे जुगारच. आदल्या दिवशी चर्चगेट गाठा, फोर्टमध्ये साधी खोली घ्या आणि संध्याकाळ पायी घालवा: टाउन हॉलच्या पायऱ्या, 1924 मध्ये खुलं झालेलं गेटवे, रात्री उजळलेलं सीएसएमटी. बॅलार्ड इस्टेटच्या शांत दगडी इमारती मात्र सकाळी बघाव्यात. गेटवेचे वास्तुकार जॉर्ज विटेट यांचीच ही आखणी. एकेकाळी विलायतेच्या बोटीतून उतरलेल्यांना घेऊन फ्रंटियर मेल याच धक्क्यावरून पेशावरला निघे, तीही आपल्या पालघर-बोईसरवरूनच!

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. दिवाळी आणि नाताळ टाळलात तर खर्च बराच कमी येईल. आधारकार्ड मूळच न्या, झेरॉक्सवर विसंबू नका.