बोरे : गरिबाघरचे पौष्टिक फळ

पौष-माघात शाळेच्या वाटेवरील बोरी फळांनी लगडतात व मुलांचे खिसे बोरांनी फुगतात. ‘खोकला होईल’ असे बजावून ती टाकावयास लावणारे शिक्षक पुष्कळ आढळतात. त्यांनी या फळाचे गुण एकदा ध्यानी घ्यावेत.

ताज्या बोरांत ‘क’ जीवनसत्त्व भरपूर असते. त्यामुळे हिरड्या निरोगी राहतात व जखमा भरून येण्यास साहाय्य होते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, भाकरी, डाळ व पालेभाजी यांतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. जेवणासोबत ‘क’ जीवनसत्त्व पोटात गेल्यास ते अधिक शोषले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील सुमारे ६७ टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. हीच मुले पुढे आपल्या वर्गात येतात. म्हणून बोरे येता-जाता खाण्याऐवजी दुपारच्या जेवणासोबत खाण्याची सवय त्यांना लावावी. वाळविलेल्या वा उकडलेल्या बोरांत हे जीवनसत्त्व बरेच कमी होते.

अर्थात बोर हे औषध नव्हे. निस्तेज, लवकर थकणाऱ्या मुलास आरोग्य केंद्रात दाखविलेच पाहिजे.

बोरे पिकलेली असावीत. ती स्वच्छ धुवावीत, फोडून आत अळी नाही ना हे पाहावे. बी गिळू नये, खाऊन झाल्यावर चूळ भरावी. हा पाठ फळ्यावर न शिकविता शाळेजवळच्या बोरीखाली घ्यावा. तो मुलांच्या कायमचा लक्षात राहील.