कुलाब्याचं हरवलेलं टर्मिनस

हिंगोली-वाशीम सीमेवरच्या कनेरगाव नाक्यावरून अकोला-पूर्णा रेल्वेमार्ग जातो. 2008 मध्ये या मार्गावरची मीटरगेज गेली आणि ब्रॉडगेज आली. रूळ बदलले, गाडी मात्र राहिली. मुंबईच्या कुलाबा स्टेशनच्या नशिबी हे नव्हतं. तिथं वीज आली आणि तीन वर्षांत स्टेशनच गेलं.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया, म्हणजे लोकांच्या तोंडची बी. बी. सी. आय. रेल्वे, 1864 मध्ये ग्रँट रोडला पोचली. मग समुद्राच्या कडेकडेनं ती दक्षिणेला सरकत राहिली. ओढ होती कापसाची, कारण 1844 पासून शहराचा कापूसबाजार कुलाब्यालाच भरत होता. 7 एप्रिल 1896 रोजी तिथं नवं, भव्य टर्मिनस उघडलं. पेशावरला जाणारी फ्रंटियर मेल 1928 मध्ये सुरू झाली ती इथूनच. त्याच वर्षी 5 जानेवारीला कुलाबा-बोरिवली मार्गावर विजेची लोकल धावू लागली.

आणि तोवर या स्टेशनचा शेवट ठरत आला होता.

त्याच्या मुळाशी बॅक बेची भरणी होती. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात समुद्र हटवून 1145 एकर जमीन मिळवायचा बेत आखला गेला. बंदरातला गाळ उपसून भिंतीआड ओतायचा. पण तो भिंतीतून झिरपून पुन्हा समुद्रात जाऊ लागला. खर्च फुगला, काम रेंगाळलं. या कारभारावर तुटून पडले खुर्शेद फ्रामजी नरीमन. वकील, काँग्रेसचे पुढारी आणि माघार न घेणारा माणूस. भरणीचं काम पाहणाऱ्या खात्यातले अधिकारी हार्वे यांनी त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. नरीमन निर्दोष सुटले आणि भरणीच्या कारभाराची लक्तरं भर कोर्टात टांगली गेली. मुंबईच्या इतिहासात यापेक्षा मोठे खटले असतील, पण एका नागरिकानं सरकारी हिशेबाला इतक्या चिकाटीनं भिडल्याची उदाहरणं फार थोडी.

भरणीच्या आठ खंडांपैकी चारच पुरे झाले. योजना आकसली, पण चर्चगेटच्या पुढचे, कुलाब्यापर्यंतचे रूळ काही वाचले नाहीत. किनाऱ्यालगतची ती पट्टी सरकारला हवी होती. कापूसबाजारही शिवडीकडे निघाला होता. ‘कॉटन ग्रीन’ हे स्टेशनचं नाव त्याचीच खूण. लांबच्या गाड्यांसाठी क्लॉड बॅटली यांनी आखलेलं बॉम्बे सेंट्रल अवघ्या 21 महिन्यांत उभं राहिलं आणि 18 डिसेंबर 1930 रोजी खुलं झालं.

तेरा दिवसांनी, 31 डिसेंबरला, कुलाबा बंद झालं. नवे विजेचे खांब, सगळा डामडौल असलेलं टर्मिनस पस्तिशीही पुरी करू शकलं नाही. चूक भरणीची होती, किंमत स्टेशननं मोजली.

पुढे बऱ्याच उशिरानं भरलेल्या जमिनीवर नरीमन पॉइंट उभा राहिला. कुलाबा स्टेशनच्या जागी रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे, बधवार पार्क. रेल्वे बोर्डाचे पहिले भारतीय अध्यक्ष फत्तेचंद बधवार यांचं ते नाव. तिथून चर्चगेट पायी गाठता येतं. त्या वाटेवर गाडी मात्र पुन्हा कधी धावली नाही.