बुसान बंदरांतील एक दिवस

सहलीच्या जहाजानें निघालेल्या उतारूंना एकेका बंदरीं आठ-दहा तासांचा अवकाश मिळतो. एवढ्या वेळांत परकें शहर कितीसें कळणार, अशी शंका येणें साहजिक आहे. तिचें उत्तर त्या त्या शहरावर अवलंबून असतें. दक्षिण कोरियांतील बुसान शहराचा अलीकडील इतिहास धक्क्यापासून डोंगरमाथ्यापर्यंत चढत गेलेला आहे. आणि ती चढण एका दिवसांत चढून पाहतां येते.

बुसान हें त्या देशांतील सर्वांत मोठें बंदर, आणि लोकसंख्येनें दुसऱ्या क्रमांकाचें शहर. नांवाचा अर्थ ‘हंड्याचा डोंगर’. पश्चिम किनाऱ्यावरील इंचन बंदरांत भरती-ओहोटीचें अंतर नऊ मीटरांपर्यंत जातें. बुसानला तें फारच थोडें, आणि पाणीहि खोल. समोर सुमारें ५० किलोमीटरांवर जपानचें त्सुशिमा बेट आहे. १८७६ च्या तहानें जपानी व्यापाराला प्रथम खुलें झालेलें बंदर हेंच. १९०५ सालीं सोलहून येथवर लोहमार्ग आला. १९१० पासून १९४५ पर्यंत साऱ्या देशावर जपानचा अंमल होता. किनाऱ्यालगतची चिंचोळी पट्टी संपली कीं येथें लागलीच डोंगर लागतात. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व हकीकत तिच्यावर उभी आहे.

२५ जून १९५० रोजीं उत्तर कोरियाच्या सैन्यानें दक्षिणेवर स्वारी केली आणि तीन दिवसांत सोल घेतलें. ऑगस्ट महिन्यांत दक्षिणेच्या हातीं आग्नेयेकडील लहानसा कोपरा तेवढा राहिला, आणि त्या कोपऱ्याचें बंदर बुसान. युद्धाचा बहुतेक काळ, म्हणजे १९५३ पर्यंत, देशाची तात्पुरती राजधानी येथेंच होती. बाहेरील मदतहि येथेंच उतरे. भारताचें ६० वें पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हें वैद्यकीय पथक ले. कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखालीं नोव्हेंबर १९५० मध्यें ह्याच बंदरांत उतरलें. निर्वासितांचे लोंढे तर थांबेचनात. सपाट जागा आधींच भरलेली; तेव्हां माणसें डोंगर चढूं लागलीं, आणि फळ्या, पत्रे, खोक्यांचे पुठ्ठे, जें हातीं लागेल त्याच्या झोपड्या उभ्या राहिल्या.

आतां आपण त्यांच्या मागोमाग जाऊं. भुयारी रेल्वेच्या १ क्रमांकाच्या मार्गानें चुंगांग स्थानकावर उतरावें. जवळच ‘चाळीस पायऱ्या’ नांवाचा जिना आहे. खालीं बंदर, वर झोपड्या, आणि मधें हा जिना. मदतीच्या सामानाची विक्री येथें चाले, आणि ताटातूट झालेल्या माणसांचा शोधहि येथेंच घेतला जाई.

पुढील स्थानक नाम्पो. तेथें यंगदो बेटाला जोडणारा पूल आहे. १९३४ सालीं तो बांधला, तेव्हां जहाजांना वाट देण्यासाठीं त्याचा एक भाग उचलला जात असे. १९६६ सालीं तें बंद पडलें, आणि पुनर्बांधणीनंतर २०१३ पासून पुन्हां सुरू झालें. घर सोडतांना अनेकांना बुसानमधील ह्या एकाच ठिकाणाचें नांव ठाऊक होतें. ‘चुकामूक झाली तर पुलापाशीं भेटूं,’ असें सांगून माणसें निघत. कांहींची भेट झाली. पुष्कळांची झाली नाहीं.

त्यापुढें जागाल्चीचा मासळीबाजार. युद्धानें निराधार झालेल्या कितीएक बायकांनीं येथें मासळी विकून संसार सावरले, आणि आजहि विक्रेत्यांत बायकांचाच भरणा आहे. उत्तरेकडील लोकांच्या आवडत्या थंड शेवयांना येथें हवें तें पीठ मिळेना, म्हणून त्यांनीं मदतीच्या गव्हाच्या पिठाच्या शेवया केल्या. ‘मिलम्यन’ नांवाचें तें खाणें आतां ह्या शहराची खूण झालें आहे. शाकाहारी मंडळींनीं मात्र लक्षांत ठेवावें कीं, त्यांतील रस्सा मांसाचा असतो.

तोसंग स्थानकाहून लहान बसगाडी डोंगरावर जाते. वाटेंत आमी-दोंग वस्ती लागते. येथें जपानी लोकांचें जुनें दफनस्थान होतें. निर्वासितांनीं थडग्यांचे दगड पायऱ्यांना व भिंतींना लावून त्यावरच घरें बांधलीं. मृतांचा अनादर करण्याचा त्यांचा हेतु नव्हता. डोक्यावर छप्पर हवें होतें, आणि जवळ दुसरा दगड नव्हता.

अखेरीस गामचन. मागील घराचा उजेड पुढील घरानें अडवूं नये, अशा बेतानें घरांच्या ओळी एकावर एक चढत गेल्या आहेत. १९५० नंतरच्या दशकांत ही वस्ती वसली. भिंतींवरील चित्रें व शिल्पें २००९ नंतरचीं आहेत. सहलीचे बहुतेक प्रवासी रंग पाहून परततात. आपण ओळींकडेहि पाहावें, म्हणजे दाटीवाटींत राहूनहि शेजाऱ्याच्या उजेडाचा विचार कसा करतां येतो तें कळेल.

ह्या घरांतून आजहि माणसें राहतात, त्यांत म्हातारीं पुष्कळ. म्हणून बोळांतून हळू बोलावें, खिडकींत डोकावूं नये, विचारल्यावांचून कोणाचें छायाचित्र घेऊं नये. जहाज सुटण्याच्या दोन तास आधीं मात्र उतरणीला लागावें, कारण जहाज कोणासाठीं थांबत नाहीं. उतरतांना धक्क्यावरील जहाजें समोर दिसत राहतात. ज्यांनीं हीं घरें बांधलीं, त्यांना परतीचें जहाज नव्हतें.